दोन सूत

त्या रविवारी मानसिंगरावांनी सकाळपासून दहा-बारा वेळा तरी फाटक उघडलं असेल आणि तितक्याच वेळा लावलं असेल. कशाला म्हणून विचारू नका, त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. मोटार चालू आहे का बघायला रानात गेले, ती चालूच होती. परत आले. खुर्चीत बसले, पेपर उघडला, मिटला, पुन्हा फाटकाशी. उंब्रजच्या त्या गल्लीत सुभेदार मानसिंग असे येरझाऱ्या घालू लागले की शेजारची कुत्रीसुद्धा उठून दुसरीकडे जाऊन झोपायची.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, संयोगिताचं, सांगलीजवळ माधवनगरात लग्न होतं. आणि बापानं जाहीर केलं होतं की मी येणार नाही. जाहीर म्हणजे कसं, तर पाच महिन्यांपूर्वी, भर सोप्यात, घसा ताणून: “तुझ्या लग्नात ह्यो मानसिंग पाय ठिवायचा न्हाई!” आता एवढ्या मोठ्यानं बोललेलं माणूस गिळणार कसं? गल्लीनं ऐकलं होतं ना!

पोरगा वाईट होता म्हणावं तर तसंही नव्हतं. मुकुल त्याचं नाव. सांगलीत एका छापखान्यात कामाला, बोलायला सरळ. वडील नाहीत, आई शरयूबाई, घर माधवनगरात. गावानं आपलं ठरवून टाकलं की पोराकडं गुंठाभर जमीन नाही म्हणून सुभेदार भडकले. मानसिंगरावांनी ते खोडून काढलं नाही. जमिनीचं कारण कसं पुरुषासारखं वाटतं, चारचौघांत सांगता येतं. खरं दुखणं वेगळंच होतं. संयोगितानं मुकुलबद्दल आधी आईला सांगितलं, मग विट्याच्या मामाला, आणि सगळ्यात शेवटी बापाला. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेल्या माणसाला आपल्याच घरातली बातमी शेवटून पहिल्या नंबरावर कळली.

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. संयोगिता सांगलीला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. ती घरी यायची थांबली. फोन करायची तो आईच्या मोबाईलवर.

त्या रविवारीही संध्याकाळी फोन आला. तिच्या आईचे, राहीबाईंचे, हात पिठाचे, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

“आई, एक अडचण झालीया. डब्यांची झाकणंच बसंना झाल्यात.”

डब्यांचं असं होतं. लग्नाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बुंदीचे दोन लाडू द्यायचे, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, घरी दुमडलेल्या रंगीत कागदाच्या डबीत द्यायचे, असं शरयूबाईंच्या मनानं घेतलं होतं. डिंक नाही, पिन नाही, नुसत्या घड्या. एका चौकोनी कागदाची खालची डबी, दुसऱ्याचं झाकण. चारशे डब्या. छापखान्यात उरलेला जाड कागद मुकुलनं मशीनवर एकसारखा कापून आणला होता, आणि शरयूबाईंना दुमडायला संयोगितानं शिकवलं होतं. तिला कुणी शिकवलं? बापानं! एकदा पाय मोडून तीन महिने लष्करी दवाखान्यात पडले होते, तेव्हा तिथल्या एका बाईंनी हाताला चाळा म्हणून त्यांना या डब्या शिकवल्या. मग रजेवर आल्यावर त्यांनी सहा वर्षांच्या संयोगिताला शिकवताना पेपरच्या डब्या करून करून घर भरून टाकलं होतं.

म्हणजे झाकणाचा प्रश्न तिनं आईला विचारला, तरी तो आईसाठी नव्हताच. राहीबाईंना पोळी लाटता यायची, कागदातलं ओ की ठो कळायचं नाही. त्यांनी दाराकडं बघितलं. दारात सुभेदार उभे होतेच, फाटक लावायचं निमित्त करून.

“खालवर दोन्ही कागद सारखंच घेतलं आसतील,” ते भिंतीला म्हणाले. “सांग तिला, झाकणाला दोन सूत जास्त लागतंय म्हणावं.”

स्पीकर चालू होता. पलीकडं शब्द न् शब्द ऐकू गेला होता. तरी राहीबाईंनी निमूटपणे निरोप पोचवला, “झाकणाला दोन सूत जास्त लागतंय म्हणत्यात.”

“बरं म्हणून सांग त्यांना,” पलीकडून आलं.

“बरं म्हणती,” राहीबाई म्हणाल्या, आणि पीठ मळायला लागल्या. दोघांच्या मध्ये बसून त्यांचा पार खुळखुळा झाला होता.

त्या रात्री मानसिंगराव बरे जेवले. पोरीला आपलं विचारावं लागलं, एवढ्यावर त्यांची भाकरी गोड झाली.

सोमवारी दुपारी राहीबाईंच्या मोबाईलवर फोटो आला. शंभर-सव्वाशे डब्या सतरंजीवर मांडलेल्या, लाल, हिरव्या, निळ्या. प्रत्येक डबीवर झाकण अर्धवट चढलेलं, एका अंगानं उचललेलं, आणि ते पडू नये म्हणून प्रत्येकीला लाल आणि पांढरा असे दोन दोरे आडवेउभे बांधलेले. खाली संयोगितानं लिहिलं होतं, ‘शरयूकाकूंनी दोन सूत जास्त लावलं. आता बसतंय. आबांना सांग.’

मानसिंगरावांनी फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा मोठा केला, आणि त्यांचा आवाज पार चावडीपर्यंत गेला.

“अगं ये राही! ह्यांनी दोरं बांधल्यात! सूत म्हंजे दोरा न्हवं गं! सूत म्हंजे इंचाचा आठवा भाग! कागद दोन सुतानं मोठा घ्यायचा! आख्ख्या हिंदुस्थानात कुठल्याबी सुताराला इचार, गवंड्याला इचार!”

“माधवनगरची मानसं हायती ती,” राहीबाई शांतपणे म्हणाल्या. “गिरणीतली. त्यास्नी सूत म्हंजे सूतच.”

“आन् पोरगी? तिला कळाय नगो? बाप इंजिनिअर्सच्या वर्कशॉपात हुता तिचा!”

“बाप कुठं हुता, ते तिनं पत्रातच वाचलंया,” राहीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. हे बोलणं मानसिंगरावांना कुठंतरी लागलं, पण त्या वेळी ते डब्यांवर इतके चिडलेले होते की कुठं लागलं ते बघायला त्यांना सवड नव्हती.

फोन करून सांगितलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण फोन करायचा म्हणजे बोलायचं! रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. चारशे पाहुणे येणार, त्यातले दीडशे तरी आपल्याकडचे, आणि त्यांच्या हातात पोरीच्या लग्नाची दोरे बांधलेली वाकडी डबी पडणार. मंगळवारी सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून ते उभे. पिशवीत स्टीलची फूटपट्टी, पेन्सिल, कटर.

“कुठं निगालाय?” राहीबाईंनी विचारलं.

“लग्नाला न्हाई चाललो,” ते दरडावून म्हणाले. “डब्या नीट करून यितो.”

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या असतील, नाहीतर दुसरं काही असेल.

कराडला गाडी बदलली. सांगलीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी रडतखडत चालली आणि मानसिंगराव खिडकीपाशी बसून ड्रायव्हरवर करवादत राहिले. मधेच उठून उभे राहायचे, पुन्हा बसायचे. शेजारच्यानं विचारलं, “पाव्हणं, काय दवाखान्यात कोण हाय का?” ते म्हणाले, “न्हाई, लग्न हाय.” आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून त्यांनी जीभ चावली.

शरयूबाईंचं घर माधवनगरात, तीन खोल्यांचं, दारात जास्वंद. दार त्यांनीच उघडलं. साठीच्या, बारक्या, चष्मा कपाळावर. त्यांनी मानसिंगरावांना फक्त फोटोत पाहिलं होतं, तरी ओळखलं.

“या,” त्या म्हणाल्या. “संयोगिता कॉलेजात आहे. पाचला येईल.”

“मी तिच्यासाठी न्हाई आलो. डब्यांसाठी आलोय.”

“मग डब्या आत आहेत,” शरयूबाई म्हणाल्या. काडीचंही नवल त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मधल्या खोलीत पसारा पडला होता. मानसिंगरावांनी एक डबी उचलली, दोरे काढले, झाकण टुणकन वर आलं. “हे बघा. कुणी सांगितलं दोरं बांधायला?”

“तुम्हीच. दोन सूत जास्त.”

“बाई, सूत म्हंजे माप!”

“सुभेदारसाहेब, माझे वडील गिरणीत रिंग खात्यात सूत कातायला होते, मुकुलचे बाबा सुद्धा तिथंच. या घरात चाळीस नंबरचं सूत नि साठ नंबरचं सूत यावर जेवताना वाद व्हायचे. मला तुम्ही सुताचं सांगू नका. दोन सूत जास्त म्हणजे दोन धागे जास्त. मी आपली विचार करत बसले, की उंब्रजकडं अशी रीत असेल, डबीला लाल-पांढरं बांधायची. मुलीच्या बापाचा शब्द, मोडायचा कसा? सव्वाशे डब्यांना गाठी मारून मारून बोटं सोलली माझी.”

मानसिंगरावांनी फूटपट्टी काढली आणि कागदावर ठेवली. “ह्या बारक्या रेघा दिसत्यात? इंचात आठ. एक रेघ म्हंजे एक सूत. झाकणाचा कागद ह्याच्यापेक्षा दोन रेघा मोठा पायजे.”

“कागद तर सगळे एकाच मापाचे कापून झालेत.”

“मग खालचा दोन रेघांनी बारका करायचा. आसं.” त्यांनी एक डबी उलगडली, कागद सपाट केला, दोन बाजूंनी कटर फिरवला, आणि पुन्हा दुमडायला घेतला. चारी कोपरे मध्यावर, कडा मध्यावर, मग दोन अंगं उभी करून टोकं आत. राकट हात होते, पण घडीवरून नख असं फिरायचं की शरयूबाई कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन बघत राहिल्या. झाकण बसवलं. ते सावकाश, हवा सोडत, खाली उतरलं.

“अगंबाई,” शरयूबाई म्हणाल्या. “स्वतः फोन घेऊन एवढं सांगितलं असतंत तर?”

मानसिंगरावांनी पुढची डबी ओढली.

मग दोघं कामाला लागले. हे कापायचे, त्या दुमडायच्या. त्यांच्या कोपऱ्यात जरा फट राहिली की हे उलगडून परत द्यायचे आणि त्या वैतागून म्हणायच्या, “लाडूच ठेवायचेत हो, दारूगोळा नाही!” दुपारी पिठलंभात झाला. घड्याळाकडं मात्र यांची नजर सारखी. तीन वाजले, साडेतीन वाजले. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की कटर थांबायचा. आल्यावर पोरगी काय म्हणेल? एवढ्या लांब आलो, चकित होईल. रडेलही. मग आपण म्हणायचं, जाऊ दे, झालं गेलं. जरा ताठरपणा ठेवायचा आणि मग हो म्हणायचं. त्यांनी सगळं मनात लावून ठेवलं होतं.

चारच्या सुमाराला त्यांनी कागदाच्या ढिगातून सोनेरी कागदाची एक जोडी उचलली. “ही एकच सोनेरी?”

“ती वेगळी काढलीय,” शरयूबाई डबीतून मान वर न करता म्हणाल्या. “कन्यादानाला बसणाऱ्यांची. लालासाहेब परवाच येऊन गेले विट्याहून. ते आणि त्यांच्या मिसेस बसणार ना.”

मानसिंगरावांचा कटर हातातच राहिला.

लालासाहेब म्हणजे राहीबाईंचा धाकटा भाऊ, संयोगिताचा मामा. विट्याच्या बऱ्याच जणांसारखं त्याचंही सोनं गाळायचं दुकान लांब कोइमतूरला, लग्नासाठी तो गावी आलेला. मामानं मांडवात भाचीच्या पाठीशी उभं राहायचं, तो त्याचा मान, त्याला कोण नाही म्हणतंय? पण कन्यादान! बाप जिवंत असताना! आता गंमत बघा, पाच महिने हा माणूस रोज ‘मी जाणार नाही’ म्हणत होता, पण आपण नाही गेलो तर आपल्या पाटावर दुसरं कुणीतरी बसेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना आपलं वाटत होतं, की आपण गेलो नाही तर लग्न तिथंच अडून राहील, भटजी हात जोडून थांबेल, सगळे रस्त्याकडं बघत बसतील. तसं काही होणार नव्हतं. व्यवस्था झाली होती. सोनेरी कागदसुद्धा आणून झाला होता. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“बसा हो,” शरयूबाई म्हणाल्या. “मला गरगरतंय.”

पाचला संयोगिता आली. खांद्याला पर्स, हातात तपासायचे पेपर. उंबऱ्यातच थांबली. बापाकडं बघितलं, कापलेल्या कागदांकडं बघितलं, झाकणं नीट बसलेल्या डब्यांच्या रांगेकडं बघितलं. तिचा चेहरा क्षणभर हलला. मग ती शरयूबाईंकडं वळली.

“काकू, पाहुण्यांना चहा झाला का?”

पाहुण्यांना! मानसिंगरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. पण सवय वाईट. तेही शरयूबाईंकडंच वळले. “झाला म्हणून सांगा तिला.”

शरयूबाईंनी हातातली डबी खाली ठेवली. “मी नाही कुणाला काही सांगणार,” त्या म्हणाल्या. “एका निरोपापायी सव्वाशे गाठी मारल्यात मी. आता तुमचं तुम्ही बोला.” आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटून.

खोलीत दोघंच उरले. मानसिंगराव पट्टी या हातातून त्या हातात करत उभे.

“कन्यादान लाला करणार हाय म्हणं,” ते शेवटी म्हणाले.

“व्हय. तुमी येणार न्हाई म्हणालात. मग कुणीतरी बसाय नगो?”

“मला एकदा इचारायचं तरी.”

“मी इचारायलाच आल्ते की आबा! पाच महिन्यांमागं. तुमी मला बसू सुदिक दिलं न्हाई.”

“सगळ्यात शेवटाला आलीस माझ्याकडं. आईला म्हाईत, मामाला म्हाईत. आन् बापाला?”

संयोगितानं पेपरांचा गठ्ठा खाली ठेवला. ती चिडलेली होती, पण आवाज चढला नाही. “आबा, तुमी घरात कवा हुता? वर्षातनं दोन महिने. मी नववीत नापास होता होता वाचले, तुमाला म्हाईत न्हाई. मला टायफॉइड झाला तवा आईनं सांगितलं, आबांना कळवायचं न्हाई, तिकडं जिवाला घोर नको. तुमी यायच्या आधी आमी दोघी ठरवायचो, काय सांगायचं आन् काय ऱ्हाऊ द्यायचं. चांगलं तेवढंच सांगायचं. तुमची रजा खराब व्हायला नको. सवयच लागली. मुकुलचं सांगायला भ्या वाटलं, कारण ते चांगलं हाय का वाईट, मलाच ठरवता येईना, की तुमाला कसं वाटंल.”

मानसिंगरावांना टायफॉइडचं ऐकून बसावं लागलं. कागदांवरच बसले.

“किती दिवस हुता?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“टायफॉइड.”

“तीन आठवडे. झालं आता, आबा. पंधरा वरसं झाली.”

मनात लावून ठेवलेलं ते ‘झालं गेलं’ आणि तो ताठरपणा, सगळं कुठल्या कुठं गेलं होतं.

“जमिनीचं काय न्हवतं,” ते म्हणाले. “गुंठ्याचं गिंठ्याचं. पोरगा चांगला हाय. मी आपलं... अठ्ठावीस वरसं एकच ठरवलं हुतं बघ. पेन्शनीत आलो की सकाळचा च्या तुझ्यासंगं घ्यायचा. रोज. तू काय शिकिवतीस ते इचारायचं. आलो, आन् तू सांगलीला. मग म्हणलं, यिल, रविवारी यिल. दोन वरसं बी झाली न्हाईत, आन् तू म्हणलीस, लग्न. मला अजून तू नीट भेटलीच न्हाईस गं, आन् निगालीस. म्हणून वरडलो. चुकलो मी.”

संयोगिताच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळत होतं, पण ती जागची हलली नाही. बापाचीच लेक ती.

“हे तवा बोलला असता, तर म्या तितंच बसून च्या केला असता,” ती म्हणाली.

“मामाला सांग मग. म्हणावं, मी बसतो कन्यादानाला. मी आन् तुजी आई.”

“मी न्हाई सांगणार.”

“तर मग आईला लाव फोन, ती सांगंल.”

“आईला न्हाई लावायचा. काकूंना न्हाई सांगायचं. तुमी मोडलंय, तुमी बोला. तुमच्या तोंडानं.”

मानसिंगरावांनी खिशातून मोबाईल काढला. ज्या मेव्हण्याला पाच महिन्यांत शिवी दिल्याशिवाय एकदाही आठवलं नव्हतं, त्याचा नंबर शोधायला त्यांना वेळ लागला. एकदा उठले, दारापर्यंत जाऊन आले. मग लावला.

“कोण, दाजी?” पलीकडून लालासाहेब एवढ्या मोठ्यानं म्हणाले की संयोगितालाही ऐकू गेलं. “तुमी? काय झालं? अक्का बरी हाय न्हवं?”

“बरी हाय. लाला, मी माधवनगरातनं बोलतोय. तिच्याजवळनंच.” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “ते कन्यादानाचं. तेवढं माजं मला परत दे.”

पलीकडं लालासाहेब हसले, पण हसण्यात पाणी होतं. “घ्या की दाजी. तुमचीच हाय. मी काय हौसेनं बसणार हुतो व्हय? बायकोला तीन दिवस झोप न्हाई, म्हणती दुसऱ्याची पोरगी आपुन कशी द्यायची. पण एक सांगा मला. आता पाटावर तुमी बसणार, हातावर पाणी तुमी सोडणार. मांडवात पुन्हा काय घोळ नगो. खरंच देणार न्हवं पोरगी?”

मानसिंगरावांनी तोंड उघडलं. हो म्हणायलाच तर फोन केला होता, एवढा मागून घेतला होता तो मान. समोर संयोगिता उभी होती, पाचला कॉलेजातून आलेली, कपाळावर घामानं केस चिकटलेले, वय सव्वीस. पाच महिन्यांत पहिल्यांदा ते तिच्याकडं नीट बघत होते. शब्द दातांच्या अलीकडंच अडकून बसला.

“हॅलो,” लालासाहेब म्हणाले. “हॅलो! दाजी, हायसा न्हवं?”

“हाय,” मानसिंगराव म्हणाले. “देतो रं. जरा दम धर. देतो.”